पाच मैलांच्या आत

अमेरिकेतल्या बॉयसी शहरात ट्रेकिंगच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथे मी दुरुस्तीचं काम करते. तंबूच्या चेन बदलायच्या, फाटलेली जॅकेटं शिवायची, सॅकचे तुटलेले पट्टे बसवायचे. नवरा मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीत, म्हणून आम्ही इथे आयडाहोत. त्याआधी हे राज्य मला बटाट्यापलीकडे ठाऊक नव्हतं. माझ्या शिलाई मशीनला लागूनच नकाशांचा कप्पा आहे, त्यामुळे नकाशे विकणंही हळूहळू माझ्याच गळ्यात पडलं. कागदी नकाशे आता कोण घेतो? पण जून २०२५ मध्ये लोक त्यांच्यासाठी रांग लावून उभे राहिले.

युटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पाच्या त्या अगडबंब विधेयकात एक कलम घातलं होतं. पश्चिमेच्या अकरा राज्यांतली केंद्र सरकारची २२ ते ३३ लाख एकर जमीन पाच वर्षांत विकायची, मुख्यतः घरं बांधायला. वरचा आकडा धरला तरी आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमीच भरते. पण नेमकी कुठली जमीन, ते कलमात नव्हतं. मग द वाइल्डरनेस सोसायटी या संस्थेने ‘विक्रीला पात्र’ ठरू शकेल अशा जमिनीचा नकाशा काढला, तो भरला २५ कोटी एकरांच्या वर. तीन महाराष्ट्र मावतील एवढा. तो फोनाफोनी फिरला आणि जो तो आपापली टेकडी शोधत दुकानात यायला लागला.

मी प्रत्येकाला सांगायची, “पात्र आहे म्हणजे विकली असं नाही. यातला शंभरात एखादा एकर जाईल.”

“तो कुठला?” समोरचा विचारायचा. त्यावर मी काय सांगणार!

मंगळवार, २४ जून. आदल्या दिवशी बातमी आली होती की सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकाऱ्यांनी हे कलम अर्थसंकल्पाच्या विधेयकात बसत नाही असा निर्णय दिलाय. त्यावर लींनी रात्रीच जाहीर केलं की वनखात्याची जमीन वगळतो, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची म्हणजे बीएलएमचीही कमी करतो, आणि तीही गावा-शहरांपासून पाच मैलांच्या आतलीच घेतो. सकाळी दुकानात उत्सव होता. कोणीतरी डोनटचा खोका आणला होता. आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचे शौकीन, आयुष्यभर रिपब्लिकन पक्षाला मत दिलेले. आल्या आल्या हे आजोबा म्हणाले, “जिंकलो! फक्त पाच मैल.”

मला ते पाच मैल बघायचे होते. बीएलएमचा बॉयसीचा नकाशा टेबलावर पसरला. हे नकाशे एकास एक लाख प्रमाणाचे असतात, म्हणजे एक सेंटीमीटरला एक किलोमीटर. पाच मैल म्हणजे साधारण आठ सेंटीमीटर. दुरुस्तीच्या डब्यातला जाड दोरा घेतला, आठ सेंटीमीटरवर पेन्सिल बांधली. कुठून मोजायचं ते तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं, मी आपली शहराची हद्द धरली. एका ठिकाणी टोक दाबायचं, कमान काढायची, पुढे सरकायचं. बघता बघता टेबलाभोवती माणसं गोळा झाली.

या नकाशांत बीएलएमची जमीन पिवळी, वनखात्याची हिरवी, राज्याची निळी आणि खाजगी पांढरी असते. कमानींच्या आत हिरवं नावालाच आलं, पिवळे तुकडे मात्र ठिकठिकाणी. लोकांना वाटलं होतं आपल्या जागा वाचल्या. वाचल्या त्या लांबच्या, सुट्टी काढून जायच्या. यलोस्टोनसारखं राष्ट्रीय उद्यान कोणी विकत नव्हतंच, ते पहिल्यापासून वगळलेलं होतं. कमानीत आलेल्या टेकड्या कॅलेंडरवर कधीच छापल्या जात नाहीत. सेजब्रशची झुडपं, जूनमध्येच वाळलेलं गवत, उनाड वारा. पण ऑफिस सुटल्यावर पळायला, सायकल हाणायला माणसं तिथेच जातात. बॉयसीच्या टेकड्यांवरून दोनशे मैलांच्या आसपास पायवाटा आहेत आणि त्या शहराच्या, काउंटीच्या, बीएलएमच्या, वनखात्याच्या, खाजगी अशा सगळ्या जमिनींवरून मिसळून जातात. मधला एक पिवळा तुकडा पांढरा झाला तर वाट तिथेच तुटते.

आजोबांनी चष्मा वर केला आणि ईगल गावाच्या वरच्या एका पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. “ही तर माझ्या कुत्रीची शाळा!” पक्षी हुडकायला ते तिला तिथेच शिकवतात. त्यांच्या शेजारी धुळीने माखलेली एक सायकलवाली उभी होती. एरवी ही दोन जमातींची माणसं वाटेवर एकमेकांकडे बघून हसतही नाहीत. ती म्हणाली, “मी रोज तिथूनच जाते. तुमची कुत्री माझ्यामागे लागते.”

“लागणारच,” आजोबा म्हणाले.

एकाने सुचवलं की केंद्राने जमीन राज्याला देऊन टाकावी, म्हणजे प्रश्न मिटला. आजोबा उसळलेच. आयडाहो १८९० मध्ये राज्य झालं तेव्हा शाळांसाठी वगैरे सुमारे ३६ लाख एकर मिळाले होते, राज्याने विकता विकता आता २५ लाखांच्या आसपास उरलेत. राज्याच्या घटनेतच लिहिलंय की त्या जमिनीतून दीर्घ मुदतीत जास्तीत जास्त उत्पन्न काढायचं. मला आमच्या माण तालुक्याकडचं गायरान आठवलं, सगळ्यांचं म्हणता म्हणता कडेकडेने आक्रसत गेलेलं. इथे बीएलएमच्या जमिनीवर गुरं चारायला त्या वर्षीचा दर होता गाय-वासराला महिन्याला १ डॉलर ३५ सेंट, आणि त्याच पैशात पाच मेंढ्या. आमच्याकडच्या मेंढपाळांना सांगितलं तर ते बिऱ्हाडासकट निघतील.

या गर्दीत एकच माणूस वेगळं बोलला, आमच्या दुकानातला बूट विभागातला मुलगा. पंचविशीचा, तिघांत मिळून भाड्याने राहतो. म्हणाला, “तुम्हा सगळ्यांची घरं झालीत म्हणून तुम्हाला टेकड्या दिसतात.” टेबलाभोवतीचे लोक ऐकून न ऐकल्यासारखं करून नकाशात बघायला लागले, ते मला आवडलं नाही. त्याचं खोटं नव्हतं. या शहरात घरांच्या किमती गेल्या काही वर्षांत भयंकर चढल्यात. मी त्याला कलम काढून दाखवलं. घरं बांधा म्हटलंय, ती त्याच्या पगारात बसणारी असावीत अशी सक्ती कुठेच नव्हती. टेकडीवरची घरं दृश्यासकट विकली जातात. त्याने दोनदा वाचलं. “मग माझ्यासाठी कोण काय करतंय?” असं म्हणून तो गिऱ्हाइकाला बूट दाखवायला गेला.

दुपारभर लोक आपले नकाशे घेऊन दोरा मागत होते. आयडाहोचे दोन्ही सिनेटर रिपब्लिकन, आणि दोघांनीही आधीच विरोध जाहीर केला होता, तरी आजोबांनी नकाशांच्या कप्प्याला टेकून दोघांच्या कचेऱ्यांना फोन लावले. दोन्हीकडे निरोप ठेवला आणि दोन्हीकडे कुत्रीचा उल्लेख केला.

शनिवारी, २८ जूनला, लींनी कलम मागे घेतलं. जमीन फक्त अमेरिकी कुटुंबांनाच मिळेल, परदेशी खरेदीदार किंवा बड्या गुंतवणूक कंपन्या ती उचलणार नाहीत, अशी हमी विधेयकाच्या चौकटीत देता येईना, असं कारण त्यांनी दिलं. पुढच्या आठवड्यात आजोबा सॅकचा पट्टा शिवायला टाकायला आले, तेव्हा मी त्यांना विचारलं, आता निश्चिंत ना? ते म्हणाले, “२०१७ मध्ये युटाच्याच एका खासदाराने ३३ लाख एकरांचं बिल आणलं होतं. तेही मागे घेतलं होतं.” आणि पट्टा शनिवारपर्यंत हवा म्हणाले.