आमची वाटचाल : प्रयोगशाळेतून पहाटेच्या रांगेत

२०१४ साली कोथरूडमधल्या दोन खोल्यांत आम्ही सुरुवात केली. मी औषध कंपनीच्या संशोधन विभागातून बाहेर पडलेला, भागीदार मैत्रीण पेटंट एजंट. काम एवढंच ठरवलं होतं : संशोधकांचे अनुदानाचे अर्ज नीट लिहून द्यायचे. बायरॅक या जैवतंत्रज्ञानातल्या नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेची 'बिग' योजना तेव्हा नवीच होती, ५० लाखांपर्यंत अनुदान आणि १८ महिन्यांची मुदत. प्राध्यापकांचं विज्ञान भक्कम असायचं, पण 'हे विकत कोण घेणार?' यावर उत्तर यायचं, 'संपूर्ण समाज'.

पहिल्याच वर्षी चटका बसला. एका तरुण संशोधकाचा अर्ज निम्मा लिहून झाल्यावर कळलं, त्याचा शोधनिबंध आठ महिन्यांपूर्वीच छापून आलाय. शोध आधीच जाहीर झाला की तो नवा धरला जात नाही, म्हणून स्वतःचाच निबंध पेटंटच्या आड येतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. जाहीर झाल्यावरही पेटंट मागायची आपल्या कायद्यातली १२ महिन्यांची सवलत मोजक्या प्रसंगांपुरती, तिच्यात तो बसेना. युरोपचं दार तर बंदच. मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न ठरलेला : कुठे छापलंय का, कुठे बोललात का? नसेल तर आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकून तारीख पदरात पाडायची. संपूर्ण तपशील द्यायला पुढे १२ महिने मिळतात.

पण आमचं काम खरं बदललं ते दुधामुळे. सांगली भागातल्या एका प्राध्यापक मॅडमनी दुधातला युरिया ओळखणारी कागदी पट्टी केली होती. दुधात थोडा युरिया मुळातच असतो, त्यामुळे पट्टीला भेसळीची पातळी ओळखावी लागते. ते त्यांनी सुरेख जमवलं होतं. रंग यायला चार मिनिटं. मी म्हटलं, मॅडम, अर्ज राहू दे, आधी डेअरीच्या दूध संकलन केंद्रावर जाऊ.

पहाटे साडेपाचला रांग लागलेली. किटली आली, माप झालं, फॅट काढलं, पावती हातात, पुढचा. एकामागे मिनिटही जात नव्हतं. डेअरीच्या सचिवांनी पट्टी निरखून पाहिली आणि म्हणाले, "ताई, चार मिनिटं थांबवलं तर माणसं दूध घेऊन शेजारच्या डेअरीत जातील."

परतताना मॅडम गप्प होत्या. चहाला थांबलो तेव्हा त्याच म्हणाल्या, "किटली कशाला तपासायची? कॅन भरला की तपासू." कूलरमध्ये ओतण्याआधी कॅनला चार मिनिटं देता येतात, आणि शंका आली तर त्या कॅनमध्ये दूध घातलेल्या मोजक्या घरांपर्यंत पोचता येतं. अर्जात आम्ही तेच लिहिलं. अनुदान मिळालं.

दुसरा हप्ता मात्र पाच महिने लांबला. उपयोगिता प्रमाणपत्रातल्या, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याच्या दाखल्यातल्या, एका आकड्यावरून फाइल परत आली होती. आता प्रत्येक अनुदानाचं खातं वेगळं ठेवायला लावतो आणि सीएंना पहिल्या दिवसापासून बसवतो.

मंजूर रकमेवर टक्केवारी घेणंही आम्ही सोडलं. रक्कम फुगवण्यात आपलाच फायदा असेल, तर सल्ला सरळ राहत नाही. ठरलेली फी घेतो, आणि आपली वस्तू वापरणाऱ्या ग्राहकाला न भेटलेल्या संशोधकाचा अर्ज लिहीत नाही. त्यामुळे काही कामं गेली.

आज आम्ही सहा जण आहोत. त्या डेअरीने गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा पट्ट्या मागवल्या, स्वतःच्या पैशाने.