फाइल होती, पण वाचत कुणी नव्हतं

परळच्या एका पतपेढीचं पीएचपी भाषेतलं सॉफ्टवेअर आम्ही रविवारी जुन्या सर्व्हरवरून डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालवायच्या बंदिस्त डब्यात, हलवलं. सोमवारी काउंटर उघडला आणि आमच्या अंधेरीच्या ऑफिसात मॅनेजरकाकांचा फोन. "अहो, पासवर्ड टाकला की कायतरी इंग्रजी येतंय. इथे लाइन लागलीय!"

ते 'कायतरी' म्हणजे 'हेडर्स ऑलरेडी सेंट' (पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणाऱ्या सूचना, म्हणजे हेडर्स, केव्हाच गेले) ही वॉर्निंग, सोबत फाइलचा अख्खा पाथ आणि ओळीचा नंबर. कोडला तर कुणी हातही लावला नव्हता.

"सर, प्रॉडक्शनची सेटिंग फाइल आहे ना तिथे. तिच्यात डिस्प्ले एरर्स ऑफच आहे, म्हणजे चुका स्क्रीनवर दिसायलाच नकोत," आमचा नवा मुलगा म्हणाला.

होती खरी. पीएचपीच्या अधिकृत इमेजमध्ये, म्हणजे ज्या तयार साच्यातून कंटेनर बनतो त्यात, डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन अशा दोन सेटिंग फाइली असतात, पण नमुन्यादाखल. त्यांतली एक 'पीएचपी डॉट आयएनआय' नावाने कॉपी केल्याशिवाय पीएचपी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कमांड देऊन विचारलं, तर लोडेड कॉन्फिगरेशन फाइलपुढे उत्तर आलं, 'नन', म्हणजे एकही नाही.

मग चालतात ते पीएचपीच्या पोटातले डिफॉल्ट, म्हणजे कुणी काही सांगितलं नाही तर लागू होणाऱ्या सेटिंग्ज. आउटपुट बफरिंग म्हणजे पानाचा मजकूर लगेच न पाठवता थोडा साठवून धरणं; नमुन्यात ते ४०९६ बाइट, पोटात ०. प्रॉडक्शनच्या नमुन्यात डिस्प्ले एरर्स ऑफ, पोटात ऑन. धोक्याची बाजू डिफॉल्टला आणि शहाणपण नमुन्यात, हा उफराटा कारभार मला आजही पटत नाही.

गोम एका जुन्या फाइलच्या शेवटी होती. पीएचपीचा कोड संपल्याची खूण, म्हणजे बंद टॅग, आणि तिच्यानंतर दोन रिकाम्या ओळी. पहिली पीएचपी गिळून टाकते, दुसरी ब्राउझरकडे जाते. जुन्या सर्व्हरवर ती बफरात थांबायची आणि लॉगिननंतर पुढच्या पानावर पाठवणारं रीडायरेक्ट बिनबोभाट व्हायचं. इथे ती तडक निघाली, हेडर्सना घेऊन. रीडायरेक्टही हेडरमधूनच जातं; मागून आलेल्या त्याची गाडी चुकली.

प्रॉडक्शनचा नमुना कॉपी केला, लॉगिन सुरू झालं. तेवढ्यात व्याजाच्या रिपोर्टवर आकड्यांऐवजी अर्धामुर्धा कोड दिसायला लागला! रिपोर्टमध्ये शॉर्ट टॅग, म्हणजे कोड सुरू झाल्याची आखूड खूण. तो पोटात ऑन, दोन्ही नमुन्यांत ऑफ. जुन्या सर्व्हरवर कुणीतरी हाताने ऑन करून ठेवलेला, नोंद कुठेच नाही. आम्ही टॅगच पूर्ण लिहून टाकले.

नशीब, जुना सर्व्हर अजून पुसला नव्हता. त्याची फाइल नमुन्याशी ओळीने ओळ ताडली. अपलोडची मर्यादाही कुणीतरी २ एमबीवरून वाढवलेली निघाली. नाहीतर दुपारी केवायसीचे स्कॅन अडकलेच असते.