आईसोबत अंगकोर : व्हिसापासून बान्ते स्रेईपर्यंत

कंबोडियातले अंगकोर म्हणजे एक मंदिर नव्हे. नवव्या ते पंधराव्या शतकापर्यंत ख्मेर राजांनी जिथून राज्य केले, त्या राजधान्यांचे, तलावांचे आणि शेकडो मंदिरांचे ते विस्तीर्ण क्षेत्र आहे, आणि 1992 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यामुळे कंबोडियाला जायचे ठरल्यावर आम्ही थायलंड-व्हिएतनामची जोड न देता सगळा वेळ अंगकोरला लागून असलेल्या सिएम रीप या एकाच गावाला दिला. सोबत आई होती. रामायण-महाभारत तिने लहानपणापासून कीर्तनांत ऐकलेले, त्यामुळे तिला मंदिरे नुसती पाहायची नव्हती, भिंतींवरची शिल्पे ओळीने वाचायची होती. सगळी आखणी त्या इच्छेभोवती झाली.

कागदपत्रांचा भाग सोपा आहे, फक्त तो योग्य जागी करायला हवा. भारतीय पासपोर्टवर पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो आणि विमानतळावर उतरल्यावरही मिळतो. विमानतळावरच्या रांगेत आईला उभे करायचे नव्हते म्हणून मी ऑनलाइन अर्ज केला. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि फोटो जोडावा लागतो. शोधताना सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी आणि जास्त पैसे घेणारी खाजगी पाने आधी समोर येतात, म्हणून पत्त्यात कंबोडिया सरकारची खूण आहे ना, हे नीट पाहावे. याशिवाय प्रवासाच्या आधीच्या सात दिवसांत ई-अरायव्हल नावाचा अर्ज भरावा लागतो. तो विनामूल्य आहे, आणि त्यातून मिळणारा क्यूआर कोड मोबाइलमध्ये ठेवला की विमानात कागदी फॉर्म भरायची गरज उरत नाही.

सिएम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला. जुना विमानतळ मंदिरांच्या अगदी जवळ होता. नवा गावापासून चाळीसहून अधिक किलोमीटर दूर आहे, त्यामुळे येताना आणि परतताना तासाभराचा रस्ता हिशेबात धरावा लागतो. खर्चासाठी डॉलरच्या छोट्या, स्वच्छ नोटा न्याव्यात. जरा फाटलेली नोटही दुकानदार घेत नाहीत. व्यवहार डॉलरमध्ये होतो, सुटे मात्र रियेलमध्ये परत मिळतात. साधारण चार हजार रियेल म्हणजे एक डॉलर. शाकाहारी माणसाने मासळीच्या रसाविषयी आधीच विचारावे, कारण तिथे भाज्यांतही तो सर्रास घालतात.

मंदिरांचे तिकीट हा या प्रवासातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च. एका दिवसाला 37, तीन दिवसांना 62 आणि सात दिवसांना 72 डॉलर असे दर आहेत. तीन दिवसांचे तिकीट सलग वापरावे लागत नाही. दहा दिवसांच्या मुदतीत कोणतेही तीन दिवस निवडता येतात. वयस्क माणसासोबत जाणाऱ्यांसाठी ही सवलत फार मोलाची आहे, कारण मधला एक दिवस विश्रांतीला देता येतो. खिडकीवर फोटो काढून तो तिकिटावर छापतात, आणि हे तिकीट प्रत्येक मोठ्या मंदिरापाशी तपासले जाते. प्रत्येक तिकिटातले दोन डॉलर कंठबोफा या मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात, हे कळल्यावर आईला मनापासून बरे वाटले.

कोणत्या दिवशी काय पाहायचे, हे ठरवताना घरचे कॅलेंडर कामी आले. अंगकोर वाट या इथल्या सर्वांत प्रसिद्ध मंदिराचा सर्वांत वरचा मजला, ज्याला बाकान म्हणतात, बौद्ध उपोसथाच्या म्हणजे व्रताच्या दिवशी बंद असतो, आणि ते दिवस म्हणजे दोन्ही पक्षांतल्या अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या. तिथीत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून हॉटेलात विचारून खात्री केली. बाकानवर जायचे तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नुसती ओढणी खांद्यावर टाकून चालत नाही. मूळ दगडी पायऱ्यांवर लाकडी जिना बसवला असला तरी चढण फारच उभी आहे. आईने तो मोह टाळला आणि तेवढा वेळ खालच्या ओवरीत बसून काढला. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वर जाण्याचा हट्ट धरू नये, कारण या मंदिराचे खरे वैभव खालच्या, शिल्पांनी भरलेल्या गॅलरीतच आहे.

पहाटे पाचला दार उघडते आणि सूर्योदयासाठी पश्चिमेकडच्या तळ्याकाठी प्रचंड गर्दी होते. सूर्य वर आला की बहुतेक लोक न्याहारीला परततात. आम्ही डबा सोबत नेला होता, त्यामुळे त्या वेळी गॅलरीत शिरलो आणि जवळजवळ मोकळ्या ओवऱ्यांतून शांतपणे चालता आले. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेले हे विष्णूचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे, आणि शिल्पांचा क्रम प्रदक्षिणेच्या उलट जातो. पश्चिमेच्या दाराने आत गेल्यावर उजवीकडे वळायचे आणि मंदिर सतत डाव्या हाताला ठेवायचे. आईचे पाय सवयीने डावीकडे वळले होते. अनेक अभ्यासक या उलट क्रमाचा संबंध अंत्यविधीशी जोडतात आणि मंदिर राजाच्या मरणोत्तर स्मारकासाठी होते असे मानतात.

उजवीकडची पहिलीच भिंत कुरुक्षेत्राची. डावीकडून कौरव येतात, उजवीकडून पांडव, आणि मधोमध दोन्ही सैन्ये एकमेकांत मिसळतात. शरपंजरी पडलेले भीष्म आईने कोणी दाखवण्याआधी ओळखले, आणि अर्जुनाच्या रथावरचा चतुर्भुज कृष्णही. दक्षिणेच्या गॅलरीत आधी सूर्यवर्म्याची स्वारी आहे, पुढे यमाचा दरबार आणि त्याच्यापाशी चित्रगुप्त. खाली नरकातल्या शिक्षा इतक्या तपशिलाने कोरल्या आहेत की तिथून पाय लवकर निघत नाही. पूर्वेला समुद्रमंथन. विष्णू मध्यभागी, खाली कूर्म, एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, आणि देवांच्या टोकाला वासुकीची शेपटी धरून हनुमान! आपल्या कथेत मंथनाला हनुमान नाही, त्यामुळे आई त्या आकृतीसमोर बराच वेळ उभी राहिली. कथा भारतातून गेली हे खरे, पण ख्मेर कलावंतांनी ती स्वतःची करून सांगितली आहे, आणि तिला केवळ आपल्या कथेची नक्कल समजणे अन्यायाचे होईल, असे माझे ठाम मत त्या भिंतीपुढे झाले.

बायोन आणि ता प्रोम ही सातव्या जयवर्म्याची बौद्ध मंदिरे एका दिवसात आरामात होतात. ता प्रोम हे 1186 चे, राजाच्या मातेच्या स्मरणार्थ उभारलेले. भिंतींना कवेत घेणाऱ्या झाडांच्या मुळांसाठी ते प्रसिद्ध आहे, परंतु मला तिथे थांबावेसे वाटले ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कामापाशी. झाड काढले तर भिंत कोसळते आणि ठेवले तरी भिंत फाटते, अशा पेचात दगडांना क्रमांक देऊन, आधार लावून हे काम अनेक वर्षे चालले आहे.

शेवटचा दिवस बान्ते स्रेईचा. मुख्य मंदिरांपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे हे छोटे शिवमंदिर 967 मध्ये प्रतिष्ठित झाले. ते कोणा राजाने बांधलेले नाही. यज्ञवराह या राजदरबारातल्या विद्वानाने ते उभारले. दगड गुलाबी आणि कोरीवकाम सोनाराच्या हातचे वाटावे असे. आतला भाग दोरांनी बंद केलेला असल्यामुळे लहान दुर्बीण न्यावी. पूर्वेकडच्या शिल्पांवर सकाळचे ऊन पडते, म्हणून टुकटुकवाल्याला पहाटेच निघायला सांगितले होते. कैलास हलवणारा रावण तिथे दक्षिणेकडच्या छोट्या इमारतीच्या पूर्व बाजूला आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात हाच प्रसंग भव्य आणि खोल कोरलेला आहे. इथे तो दाराच्या वरच्या त्रिकोणात मावतो, पण पायऱ्यापायऱ्यांच्या कैलासावर ऋषी, गण आणि घाबरलेले पशू सगळे आहेत, आणि पार्वतीने शिवाला घट्ट धरलेले आहे. समोरच्या इमारतीवर खांडववनाचे दहन आहे, ज्यात इंद्राचा पाऊस तिरक्या रेषांनी दाखवला आहे.

आईला इथले भीम-दुर्योधनाचे गदायुद्ध पाहायचे होते. ते शिल्प आता नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि सुंद-उपसुंद या असुर भावांचे पॅरिसच्या गीमे संग्रहालयात. आमचे परतीचे विमान सिएम रीपहूनच होते. ज्यांना जमेल त्यांनी परतीचे तिकीट नॉम पेन्हहून काढावे. बसने साधारण सहा तास लागतात, आणि संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.