लाकी आणि ती सीलबंद पेटी

८ जून, रात्री

आज दिवसभर लाकी ज्वालामुखी डोक्यातून जात नाही. १७८३ साली याच तारखेला आइसलँडच्या दक्षिण भागात जमीन फाटली. सुमारे २७ किलोमीटर लांब भेग, तिच्यावर ओळीने शंभराहून अधिक मुखं, आणि हा उद्रेक फेब्रुवारी १७८४ पर्यंत चालला.

लाव्हारसाखाली कित्येक वस्त्या गाडल्या गेल्या, पण माणसं मुख्यतः मेली ती भुकेने. वायूंबरोबर आलेलं फ्लोरिन गवतावर बसलं. तेच गवत मेंढ्यांनी खाल्लं. त्यांच्या हाडांवर गाठी आल्या. सुमारे ८० टक्के मेंढ्या मेल्या, गुरं निम्मी गेली. जिथे धान्य जेमतेम पिकतं तिथे जनावर गेलं की दूध, मांस, लोकर सगळंच गेलं. जवळपास ५० हजारांच्या लोकसंख्येतला साधारण पाचवा हिस्सा संपला.

गंधकाचं धुकं युरोपभर पसरलं. तेव्हा पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने त्या कोरड्या धुक्याचा संबंध आइसलँडच्या ज्वालामुखीशी असू शकेल असं लिहून ठेवलं. लाकीमुळे आफ्रिकेतला मोसमी पाऊस आणि नाईलचं पाणी घटलं, असं हवामानशास्त्रज्ञांची गणितं सांगतात. त्याच काळात उत्तर हिंदुस्थानात चालिसा दुष्काळ होता. महादजी शिंदे दिल्लीच्या राजकारणात उतरले ते त्या उजाड मुलखात. पण तिथे आधीपासूनच पाऊस ओढ देत होता. त्याचं खापर लाकीवर फोडायला माझं मन धजत नाही.

मला खरं अडकवून ठेवलंय ते योन स्टेनग्रिम्सन या पाद्र्याने. २० जुलैला लाव्हा चर्चच्या दिशेने येत असताना त्याने प्रार्थना घेतली आणि लाव्हा थांबला, ही गोष्ट सगळे सांगतात. मला तो आवडतो दुसऱ्याच कारणासाठी. आइसलँडवर तेव्हा डेन्मार्कची सत्ता होती. १७८४ मध्ये त्या डॅनिश सरकारच्या मदतीची रक्कम सीलबंद पेटीतून जिल्हाधिकाऱ्याकडे पोचवण्याचं काम त्याच्याकडे आलं. वाटेत भेटलेल्या शेतकऱ्यांची दशा पाहून त्याने सील फोडलं आणि त्यातले पैसे तिथल्या तिथे वाटले, जनावरं घेऊन पुन्हा उभं राहता यावं म्हणून. त्याच वर्षी त्याची बायकोही गेली. आणि सरकारने? हुकूम मोडला म्हणून त्याला दंड केला, जाहीर माफी मागायला लावली. एवढ्या मोठ्या संकटात सरकारला हिशेब मागावासा वाटला तो त्या फुटलेल्या सीलचा. हे वाचल्यापासून संताप होतोय.