गॅदरिंगमधलं 'कू'

पुण्यात आमचा रशियन भाषेचा संध्याकाळचा वर्ग होता, जेमतेम चौदा टाळकी, पण दर फेब्रुवारीत गॅदरिंग म्हणजे गॅदरिंग! एक कविता, एक अर्धवट पाठ झालेलं गाणं, बटाटेवडे आणि शेवटी एक रशियन पिक्चर. समोवर फक्त शोभेला, चहा आपला थर्मासमधनं.

१९९४ ला मॅडमनी कुठूनतरी 'किन-द्झा-द्झा'ची व्हिडिओ कॅसेट आणली. गिओर्गी दानेलियाचा, १९८६ चा पिक्चर. सबटायटल्स नाहीत, त्यामुळे मॅडम टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसल्या, मी भाषांतर सांगत जाईन म्हणाल्या. सुरुवात झकास झाली, मॉस्कोतला एक मुकादम घरनं ब्रेड आणि मॅकरोनी आणायला बाहेर पडतो, रस्त्यात एक अनवाणी माणूस मी परग्रहावरचा आहे म्हणतो, हा वैतागून त्याच्या यंत्राचं बटण दाबतो आणि व्हायोलिनवाल्या एका जॉर्जियन पोराबरोबर थेट वाळवंटात. मॅडम फॉर्मात होत्या. मग आकाशातनं गंजक्या पिंपासारखं यान उतरलं, दोन भणंग बाहेर आले, उकिडवे बसले, दोन्ही हातांनी गाल थोपटले, हात पसरले आणि म्हणाले, "कू."

आम्ही सगळे मॅडमकडे बघतोय. मॅडम म्हणाल्या, "कू."

पुढचा बराच वेळ हेच. त्या ग्रहावर जवळजवळ सगळ्याला 'कू' हा एकच शब्द पुरतो, आणि 'क्यू' म्हणजे चारचौघांत चालणारी शिवी. आम्ही हसून हसून आडवे. काडेपेटीतल्या काड्यांना तिथं सोन्याचा भाव, आणि ज्याच्याकडे त्या जास्त त्याला किरमिजी पँट घालायचा हक्क, मग समोरच्यांनी त्याला उकिडवं बसून कू करायचं आणि पोलिसही त्याला रात्री मारणार नाहीत!

तिथले लोक दोन जातीचे, पात्साक आणि चातलान. दिसायला सेम टू सेम. एक छोटं यंत्र माणसासमोर धरायचं, नारिंगी दिवा लागला तर चातलान, हिरवा लागला तर पात्साक, आणि पात्साकाने चातलानासमोर नाकात घंटी घालायची. फरक नेमका काय असं विचारलं की त्यांचं उत्तर, तुला हिरवा-नारिंगी कळत नाही का, रंगांधळा आहेस का. इथं खोलीत हसू जरा कमी झालं. आम्ही आडनावं ऐकून पुढचं सगळं ओळखणारी माणसं, आम्हाला दिवा तरी कुठं लागतो म्हणा.

सव्वादोन तासांचा पिक्चर, वडे गार झाले. शूटिंग तुर्कमेनिस्तानातल्या काराकुम वाळवंटात झालंय हे मॅडमनी नंतर सांगितलं, तोवर एकजण चमच्याने कप वाजवत कू कू करत फिरत होता.

पुढच्या वर्षीच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे आले. सगळं ठीक, फक्त पँट मरून रंगाची. मागच्या रांगेतली आम्ही पाच जणं एकमेकांकडे बघितलं, आणि कोण आधी बसलं आठवत नाही, पण पाचही जण उकिडवे, गाल थोपटून, "कू!" मॅडमचा चेहरा पांढरा. पाहुण्यांना वाटलं रशियन स्वागत असेल, त्यांनी गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, तितक्याच मनापासून कू केलं.

मॅडम वळून खिडकीतनं बाहेर बघत उभ्या राहिल्या, खांदे मात्र गदागदा हलत होते.