पहिली आरती हितंच

देहू सोडून पायांना अजून चालही सापडली नव्हती, तोच पुढची दिंडी थांबली. मला वाटलं, रस्ता कुठंतरी तुंबला. शेजारच्या आजी डोक्यावरची तुळस सावरत म्हणाल्या, "न्हाई माउली, दर्गा आला. पहिली आरती हितंच."

ज्येष्ठ वद्य अष्टमीला तुकोबांची पालखी आकुर्डीकडे निघते आणि पंढरीच्या वाटेवरची पहिली अभंग-आरती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी होते, हे मी वाचलं होतं. वाचताना हारतुरे, भाषणं, फेटे असं काहीबाही मनात रंगवलंही होतं. तिथं मला दिसल्या त्या माणसांच्या पाठी आणि पताकांच्या काठ्या. टाळ थांबले. आजींनी चपला काढल्या, म्हणून मीही काढल्या. आरती झाली. कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नाही.

गोष्ट नंतर चालता चालता आजींनी सांगितली. अनगडशाह फकीर. त्यांचा कटोरा कुणाच्यानं भरायचा नाही. फिरत फिरत तुकोबांच्या दारी आले. लेकीनं चिमूटभर पीठ घातलं, आणि कटोरा भरून सांडला. "चिमूटच का?" मी विचारलं. "आईच्या, आवलीच्या धाकानं असंल," आजी हसल्या. ही भर त्यांची स्वतःची असावी.

मला मात्र दुसरी आख्यायिका जास्त लागते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे वाघोलीचे रामेश्वर भट्ट याच फकिराच्या पाण्यात आंघोळीला उतरले, आणि फकिराच्या शापानं त्यांच्या अंगाचा दाह सुरू झाला. तो शमला तुकोबांनी पाठवलेल्या अभंगानं. ज्याला छळलं, त्याच्याकडूनच उतारा घ्यावा लागला.

तुकोबा १६५० मध्ये गेले. त्यांचे पुत्र नारायण महाराजांनी पालखी सुरू केली १६८५ मध्ये. रस्ते बदलले, गर्दी वाढली, पण दर्ग्यापाशी थांबणं काही सुटलेलं नाही. सलोख्याचं उदाहरण म्हणून बाहेरचे लोक ते दाखवतात. वारकऱ्यांच्या लेखी तो वाटेवरचा पहिला विसावा आहे, एवढंच.

"आता चिंचोलीला, पादुकांपाशी," आजी म्हणाल्या आणि झपाझप पुढं निघाल्या. माझी एक चप्पल सापडत नव्हती.