माहितीच्या अर्जात 'काबरं' चालत नाही

खान्देशात निम्मी भांडणं 'काबरं'ने सुरू होतात. रस्ता दोन पावसाळ्यांत काबरं उखडला, केळीचा विमा आमच्याच महसूल मंडळाला काबरं नाही, घरकुलाच्या यादीतून नाव काबरं गेलं. हाच शब्द 'का' होऊन माहितीच्या अर्जात उतरतो आणि महिन्याभराने एका ओळीचं उत्तर येतं: 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.' राग येतो, पण बहुतेक वेळा हे उत्तर कायद्यात बसतं. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 2(च) मध्ये माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेलं साहित्य: अभिलेख, टिपणी, आदेश, अहवाल, नमुने. नसलेली माहिती तयार करून देणं किंवा मत मांडणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात म्हटलं आहे.

म्हणून उत्तर नाही, कागद मागायचा. त्यासाठी कागदाचं नाव ठाऊक हवं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

रस्त्याचंच घ्या. 'निकृष्ट कामाची माहिती द्यावी' असं लिहिलं तर काम निकृष्ट नाही म्हणून विषय संपतो. त्याऐवजी कामाचं नाव, गाव आणि आर्थिक वर्ष लिहून प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, साहित्याचे चाचणी अहवाल आणि अंतिम देयक यांच्या प्रती मागा. यात जीव असतो तो मोजमाप पुस्तिकेत. कार्यालयात तिला सगळे 'एमबी' म्हणतात. लांबी, रुंदी, जाडी तिच्यातच असते आणि बिल तिच्यावरूनच निघतं. गावातला काँक्रीट रस्ता 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर जाड नोंदवला असेल, तर ते 45 घनमीटर झालं. कडेला टेप लावून जाडी 12 सेंटीमीटरच भरली, तर 36. नऊ घनमीटर कुठे गेलं हे मग अर्जात विचारायची गरज नाही. एमबीची प्रत आणि टेपचा फोटो तक्रारीला जोडला की झालं. कलम 2(ञ) प्रमाणे कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. अर्जाचा हा भाग फारच थोडे लोक वापरतात.

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे नियमांतल्या ठरलेल्या नमुन्यात. राज्याच्या कार्यालयासाठी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावणं सगळ्यात सोपं. राज्याच्या 2012 च्या नियमबदलानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. रस्ता, गटार आणि अंगणवाडी एकाच कागदावर कोंबली तर पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा, असं सांगण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे. 'सुरुवातीपासून आजपर्यंतची सर्व' हेही नको. एक-दोन वर्षांचा कालावधी ठरवा. अर्जाची दुसरी प्रत घेऊन आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. ही पोच नसेल तर अपिलात हातात काहीच उरत नाही.

भुसावळला मात्र एक गफलत हमखास होते. रेल्वेचं मंडळ कार्यालय असो की आयुध निर्माणी, ही केंद्राची कार्यालयं. तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावता येते. शब्दमर्यादा 500 आणि दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे. संकेतस्थळंही राज्याचं वेगळं, केंद्राचं वेगळं. कार्यालयच चुकलं असेल तर कलम 6(3) खाली अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांना बंधनकारक आहे. 'आमच्याशी संबंधित नाही' म्हणून परत करता येत नाही.

केळीच्या विम्याचं कोडंही कागदातच सुटतं. हवामानावर आधारित फळपीक विम्यात शेतातल्या नुकसानीपेक्षा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद निर्णायक ठरते. रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याने जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाकडे मागायचं ते असं: त्या मंडळाच्या केंद्रावरची ठरावीक महिन्यांची रोजची किमान व कमाल तापमानाची नोंद, त्या हंगामाचा शासन निर्णय आणि विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार. शासन निर्णयातले निकष आणि रोजची नोंद शेजारी ठेवली की आपलं मंडळ का वगळलं ते आपणच वाचू शकतो. कंपनी खासगी असेल तर तिच्याकडे थेट अर्ज चालत नाही, पण तिने कृषी खात्याला दिलेला कागद खात्याकडून मागता येतो.

तीस दिवसांत, म्हणजे उत्तराच्या मुदतीत, प्रतींच्या शुल्काचं पत्र आलं तर त्यात पानं आणि हिशेब दिलेला हवा. साध्या प्रतीचा दर पानाला 2 रुपये. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तिसात धरत नाहीत, त्यामुळे ते उशीखाली ठेवू नका. मुदत उलटल्यावर पैसे मागितले, तर कलम 7(6) दाखवा: उशिराची माहिती फुकट. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ज्याला लिहिता येत नाही, त्याचं तोंडी म्हणणं लिहून घेण्यास मदत करणं हे कलम 6(1) प्रमाणे अधिकाऱ्याचं काम आहे. वनहक्क दाव्याबाबत 'नामंजूर का' न विचारता उपविभागीय समितीचं इतिवृत्त आणि दाव्याच्या फाईलची पूर्ण प्रत मागा.

फाईल जाड असेल तर आधी अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून ती पाहणं, मागा. पहिला तास मोफत. 2018 च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहण्यासाठी वेळ राखून ठेवलेला आहे. जाताना पेन्सिल न्या. राज्याच्या नियमात अवलोकनाला फक्त पेन्सिल चालते, पेन बाहेर ठेवायला लावतात. चेष्टा वाटेल, पण नियम तसाच आहे. हव्या त्या पानांचे क्रमांक टिपा आणि तेवढ्याच प्रती मागा.

घरकुल किंवा अनुदानाच्या यादीला हल्ली 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार मिळतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मधली सार्वजनिक हिताची अट काढली, हे खरं. पण कलम 8(2) जागच्या जागी आहे: हानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. शिवाय अनुदान योजनांच्या लाभार्थींचा तपशील कलम 4(1)(ख) खाली कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायचा आहे. अपिलात ही दोन्ही कलमं लिहा.

माहिती नाकारण्याची कारणं कलम 8 मध्ये आहेत; 'फाईल सापडत नाही' हा नकार त्यात कुठेच नाही. अपिलात शोध घेऊन अहवाल देण्याची आणि जबाबदारी निश्चित करण्याची मागणी करा, सोबत महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाचा उल्लेख करा.

पहिलं अपील त्याच कार्यालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, 30 दिवसांत, जोडपत्र 'ब', 20 रुपयांचा स्टॅम्प. निर्णयाला 30, फार तर 45 दिवस. मग 90 दिवसांत दुसरं अपील, जळगाव-धुळे-नंदुरबारसाठी राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, पुन्हा 20 रुपये. तिथे तारीख लागायला बराच काळ जातो, म्हणून कागदांना पान क्रमांक घाला, पहिल्या पानावर तारखांचा तक्ता लावा. नकार बरोबर होता हे सिद्ध करण्याचा भार कलम 19(5) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर असतो. रोज 250 रुपये, कमाल 25,000, हा दंड आयोगच लावतो. पहिल्या अपिलात तो मागून उपयोग नाही.